एका फोनवरच्या चाळीस बाया

आमच्या ना-नफा कंपनीच्या वेबसाइटवर 'आमचं नेतृत्व' असं एक पान आहे. त्यावर चार फोटो आहेत. पहिला डॉक्टरांचा, ते संचालक. दुसरा इंजिनिअरचा, तो नागपूरचा, सगळी यंत्रणा त्याच्या हातात. तिसरा पुण्याच्या मॅडमचा, त्या पुण्यातूनच पडद्यावर दिसतात आणि देणगीदार संस्थेशी बोलायचं काम त्यांच्याकडे. चौथी मी. तिघांच्या फोटोखाली पदव्यांची माळ होती आणि माझ्या फोटोखाली लिहिलं होतं, 'तळागाळाचा आवाज'. मी इंजिनिअरला विचारलं, "काऊन रे बाप्पा, तुम्ही तिघं माणसं, अन् मी नुसता आवाज?" त्यानं कान धरले आणि दुसऱ्या दिवशी तिथं 'प्रशिक्षण प्रमुख' आलं. तेव्हापासून आमचं जमतं.

मी सरकारी नर्स होते. अर्धं आयुष्य वर्ध्याच्या सेलू तालुक्यातल्या उपकेंद्रात गेलं. डॉक्टर नवेकोरे असताना त्यांची पहिली नेमणूक आमच्या वरच्या आरोग्य केंद्रात झाली होती, आणि रडणाऱ्या लेकराची मांडी कशी धरायची हे त्यांना मी शिकवलं. म्हणून ते मला अजून सिस्टरच म्हणतात, आणि त्यांच्यावर आवाज चढवायची हिंमत कंपनीत फक्त माझ्यात आहे. मी नोकरी सोडली तेव्हा ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "सिस्टर, आता सगळं आरोग्य फोनमध्ये चाललंय. ज्याच्याकडे फोन त्याला डॉक्टर, ज्याच्याकडे नाही तो गेला कामातून. आपण बायांना शिकवू." वर्ध्याशेजारच्या सिंदी मेघेत एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला आणि काम सुरू झालं. फोनवर तपासणीचा कागद कसा पाहायचा, डॉक्टरशी फोनवरूनच कसं बोलायचं, लसीची तारीख कशी कळते, हे गावागावात जाऊन शिकवायचं. या कामाला कागदावर 'डिजिटल आरोग्य समता' म्हणतात. पवनारला, माझ्या माहेरी, भावानं विचारलं की हे काय असतं, तर मी म्हटलं, मोबाइलची बालवाडी समज.

कंपनी सुरू करताना मी एकच अट घातली होती. कोणाच्याही चुकीची चर्चा तिच्या माघारी करायची नाही. ती बाई खुर्चीत समोर बसेल, मगच तिच्याबद्दल बोलायचं. सरकारी नोकरीत मी फार पाहिलं होतं. वर्ध्याला बैठक व्हायची, साहेब लोक बोलायचे आणि खापर फुटायचं ते बैठकीत नसलेल्या नर्सच्या डोक्यावर. डॉक्टरांनी अट मान्य केली. इंजिनिअरनं ती सुंदर अक्षरात छापून भिंतीवर लावली.

आता ज्या ताईची ही गोष्ट आहे, ती हिंगणीकडची. दहावी झालेली, पंचेचाळिशीची, आवाज जात्यासारखा. बोर धरणाच्या बाजूची काही गावं तिच्याकडे होती. ती आमच्यासाठी बायांना शिकवायची आणि त्यांची नावं यंत्रणेत नोंदवायची. फॉर्ममध्ये एक रकाना होता, मोबाइल नंबर. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकतच नसे. आम्ही चौघांनी मिळून हा फॉर्म केला, त्यावर चार दिवस डोकं खपवलं, आणि चौघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की गावात बाईचा नंबर म्हणजे बाईचा नंबर नसतो. घरात फोन एक. तो नवऱ्याच्या खिशात, नाहीतर दिराच्या. मला तरी सुचायला हवं होतं. जन्म त्यात गेला माझा. पण मी पण त्या चौघांत जाऊन बसले होते ना, हातात फोन आणि समोर चकचकीत फॉर्म, तिथं बसलं की माणसाला असलं काही सुचत नाही.

व्हायचं तेच झालं. एका पोरीनं, दोन लेकरांच्या आईनं, पाळणा लांबवायचं इंजेक्शन घेतलं होतं. घरी सांगितलं नव्हतं. तीन महिन्यांनी आमच्या यंत्रणेनं इमानदारीनं संदेश पाठवला, आपल्या पुढच्या इंजेक्शनची तारीख जवळ आली आहे. तो गेला नवऱ्याच्या फोनवर. त्यानं तो आईला वाचून दाखवला. पोरीला त्याच दिवशी माहेरी धाडलं, लेकरं ठेवून घेतली.

ताईनं मला फोन केला तेव्हा मी पवनारच्या स्टॉपवर बसची वाट पाहत होते. ती रडत नव्हती, चिडली होती. "सिस्टर, माह्या हातानं झालं हे. म्या टाकला तो नंबर. आता बाया माह्यापाशी बसाले भेऊन राह्यल्या. काय करू सांगा." समोरून बस येत होती. मी म्हटलं, "तुझा नंबर टाक. सगळ्याइचा तुझाच टाक." आणि बसमध्ये चढले.

खरं तर त्या आठवड्यातच हे बैठकीत सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. नुकताच देणगीदार संस्थेनं आमचा फॉर्म वाखाणला होता, डॉक्टर खुशीत होते, इंजिनिअरनं पेढे आणले होते. मी म्हटलं, कशाला मिठाचा खडा टाकायचा. त्या पोरीसाठी मात्र मी दोनदा तिच्या सासरी गेले, सासूशी भांडले, आणि दिवाळीच्या आधी ती लेकरांपाशी परत आली. पण फॉर्मबद्दल मी तोंडात मूग गिळून बसले. स्वतःला हुशार समजत होते मी.

पुढे देणगीदारांची पडताळणी आली. त्यांच्याकडून पोरी फोन करणार, नोंदवलेल्या बाईशी बोलणार, शिकवणी मिळाली का, तब्येत कशी आहे, लस झाली का, असं विचारणार. ताईला हे कोणी कळवलं नाही. तिच्या फोनवर पहिला फोन आला, पोरीनं एका बाईचं नाव घेऊन विचारलं, "आपणच बोलताय ना?" ताईला वाटलं, नाही म्हटलं तर त्या बाईचं नाव कटणार. ती म्हणाली, "हो जी, मीच बोलून राह्यली." दुसरा फोन आला, तिसरा आला. दोन दिवसांत चाळीसेक बायांच्या नावानं ताई एकटी बोलली. सगळीकडे एकच नंबर, एकच आवाज, हे देणगीदारांच्या लक्षात आलं आणि त्यांनी रेकॉर्डिंग आमच्याकडे पाठवलं.

सोमवारी अकराच्या बैठकीत डॉक्टरांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. टाइप करून तयार. 'खोट्या नोंदी केल्याबद्दल व तोतयेगिरी केल्याबद्दल आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे.' खाली चार नावं, चार सह्यांच्या जागा. डॉक्टरांची सही झालेली, इंजिनिअरची झालेली. पडद्यावरून पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, "माझी संमती मेलवर आहे. आज संध्याकाळपर्यंत देणगीदारांना कारवाई कळवायची आहे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी विचारलं, "ताई कुठं आहे?"

"तिला कशाला? सगळं रेकॉर्डिंग आहे," डॉक्टर म्हणाले.

"रेकॉर्डिंगले खुर्चीवर बसवाचं काय? भिंतीवर काय लिहून ठेवलंय ते वाचा जरा."

"सिस्टर, हे प्रकरण वेगळं आहे."

"वेगळं असतं तेव्हाच तं नियम लागतो. रोजच्या कामाले कायले पाह्यजे?"

डॉक्टर माणूस वाईट नाही. त्यांची बाजूही मला दिसत होती. देणगीदारांनी हात काढून घेतला तर बाकीच्या सगळ्या तालुक्यांतल्या शिकवणाऱ्या बाया घरी बसतील. ते हळू आवाजात म्हणाले, "एकीसाठी सगळ्यांचं काम बुडवायचं का?" मी म्हटलं, एकीला न विचारता बुडवणार असाल तर उद्या दुसरीला बुडवाल. मी सही करणार नाही, आणि ती आल्याशिवाय इथून कोणी उठणारही नाही. मी बाहेर जिन्यात गेले आणि ताईला फोन लावला. "आहे तशी निघ. सेलूवरून जी बस भेटन ती धर, अन् सिंदी मेघेले येजो." तिनं कारण विचारलं नाही.

ती येईपर्यंत दोन-अडीच तास गेले. आम्ही चौघं, म्हणजे तिघं आणि एक पडदा, एकमेकांकडे न बघता बसलो होतो. मला त्यांना सगळं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही, कारण नियम माझाच होता, आणि दुसरं कारण म्हणजे मला भीती वाटत होती. खोटं कशाला बोलू.

ताई आली. घामेजलेली, खांद्याला पिशवी, पदरानं तोंड पुसत दारात उभी राहिली. मी तिला माझ्या शेजारची खुर्ची दिली. डॉक्टरांनी पत्राबद्दल सांगितलं. ती पाणी प्यायली. मग इंजिनिअरनं रेकॉर्डिंग लावलं.

पहिल्यात फोनवाली पोरगी विचारते, बाळ किती महिन्यांचं? ताईचा आवाज: "तीन पुरे झाले. वजन पाच किलोले थोडं कमी. दुसरी लस झाली, तिसरी येत्या बुधवारी." दुसऱ्यात एक म्हातारी होती, रक्तदाबाची. गोळी सकाळी घेता का? "सकाळी नाई घेत. वावरातून आल्यावर दुपारी घेतो. सकाळी घेतली का मले चक्कर येते, डॉक्टरनंच तसं सांगतलं." सातव्या-आठव्या फोनवर पोरीला शंका आली. ती म्हणते, "मावशी, इथे तुमचं वय बावीस लिहिलंय." ताई म्हणते, "उन्हातान्हाचं काम आहे बाई. आवाज तसाच होते." इंजिनिअर फसकन हसला, मग डॉक्टरांचा चेहरा पाहून गप्प झाला. ताई मात्र मान खाली घालून बसली होती. तिचे कान लाल झाले होते.

मी इंजिनिअरला म्हटलं, "हसून झालं असन तं एक काम कर. ती काय बोलली अन् बायांच्या कार्डावर काय आहे, ते लावून पाह्य." कार्डांचे फोटो यंत्रणेत होतेच, ताईनंच चढवलेले. त्यानं एकेक काढलं. लसीची तारीख बरोबर. वजन बरोबर. सिकलसेलवाल्या पोरीची गोळी कधी संपली ते बरोबर. कोणाचं बाळंतपण वर्ध्याला झालं, कोणाचं सेलूला, बरोबर. तो बघत गेला आणि त्याचा वेग कमी कमी होत गेला. चाळीसेक बायांत एक चूक निघाली नाही. वही न उघडता बोलली होती ती.

"आता दुसऱ्या गावाचं लाव," मी म्हटलं. "जिथले नंबर खरे आहेत तिथलं."

त्यानं लावलं. पुरुषाचा आवाज: "बायको वावरात गेली. मले काय माहीत?" पुढचा: "कोणती लस? तिलेच पुसा." पुढचा नुसताच "राँग नंबर" म्हणून फोन ठेवतो. आणि या प्रत्येकासमोर आमच्या यंत्रणेत हिरवी खूण होती. नंबर खरा, म्हणून नोंद खरी. माझी सटकली. मी म्हटलं, "याले तुम्ही खरं म्हणता, अन् तिले खोटं? जिले सगळं माहीत ती तोतया, अन् ज्याले बायकोचं लेकरू किती महिन्याचं ते माहीत नाई, तो पास?"

डॉक्टर म्हणाले, "पण सिस्टर, तिनं स्वतःचा नंबर टाकायचं कारणच काय होतं?"

हीच ती वेळ होती. मी टेबलाची कड धरली. म्हटलं, "मी सांगितलं होतं." आणि मग ती पोर, तो संदेश, पवनारचा स्टॉप, तुमचे पेढे, सगळं ओकून टाकलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही मला सांगितलं नाही?" एवढंच म्हणाले. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं.

पडद्यावरून मॅडम म्हणाल्या, "तरी नियम तो नियमच. लाभार्थीचा स्वतःचा नंबर पाहिजे, हे देणगीदारांच्या अटीत आहे." मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ठीक आहे. मग आज आपण चौघंही आपापला फोन उघडा करून सासूच्या नाहीतर सासऱ्याच्या हातात देऊ. आठ दिवस. दवाखान्याचे, तपासणीचे, औषधाचे सगळे संदेश त्यायनं वाचावे. आठ दिवसांनी मी या पत्रावर सही करते. आहे कबूल?"

इंजिनिअर खिशातला फोन चाचपत होता. मॅडमनी आपला कॅमेरा बंद केला. मला वाटलं, रागावल्या, आता गेलं सगळं. थोड्या वेळानं कॅमेरा पुन्हा लागला. त्या म्हणाल्या, "मी मूल होण्यासाठी उपचार घेत होते तेव्हा दवाखान्यात मैत्रिणीचा नंबर दिला होता. तीन वर्षं. घरी कोणाला कळू नये म्हणून." मग त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "माझी संमती मागे घेते. देणगीदारांशी मी बोलते, त्यांना मी हेच सांगेन." मी त्यांना आजवर पुण्याच्या तोऱ्याची बाई समजत होते. चुकले होते.

डॉक्टरांनी पत्र उचललं आणि फाडलं. ताईकडे वळून म्हणाले, "ताई, चूक आमची झाली. माफ करा." मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. आम्ही लढलो आणि जिंकलो, असंच वाटलं. मी ताईच्या पाठीवर हात ठेवला.

तिनं हात झटकला नाही, पण ती हललीही नाही. म्हणाली, "माफी राहू द्या जी. उद्या माह्यापाशी दोन नव्या बाया येऊन राह्यल्या. एकीकडे फोनच नाई, दुसरीचा सासऱ्यापाशी. त्याइचा नंबर कोणाचा टाकू, तेवढं सांगा."

चौघंही एकमेकांकडे बघायला लागलो. इंजिनिअर म्हणाला, रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म सरकत नाही, तो बदलायला वेळ लागेल. डॉक्टर म्हणाले, देणगीदारांचं उत्तर येईपर्यंत थांबू. मी सवयीनं तोंड उघडलं, "ताई, तू असं कर—"

"तुम्ही नका सांगू, सिस्टर."

ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिनं. "मांगच्या वेळेस तुम्ही सांगतलं. फोनवर सांगतलं, अन् बसमधी बसून गेल्या. तुमची बस चुकली नाई, अन् चोर मी झाली. आज तुम्ही बोलल्या, चांगलं केलं. पण हे पत्र आलं नसतं तं तुम्ही बोलल्या असत्या का?"

तिच्या पाठीवरचा माझा हात मी काढून घेतला.

"आता मले तोंडी काई नको," ती म्हणाली. "कागदावर द्या. नंबर नसला तरी बाईचं नाव घ्याचं, अन् कोणाचाच नंबर टाकाचा नाई, असं लिहा. फॉर्म सरकत नसन तं मी कागदावर नावं लिहून आणतो, तुम्ही बसून भरा इथं. अन् खाली सगळ्याइच्या सह्या पाह्यजे. उद्या कोणाचा फोन आला, कोणी मले चोर म्हटलं, तं मी हा कागद दाखवीन."

डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, तिनं सांगितलं तस्संच. एका जागी त्यांनी 'शक्यतो' असा शब्द घातला. तिनं तो वाचून काढायला लावला. मॅडम म्हणाल्या, मी सहीचा कागद आजच कुरिअर करते. इंजिनिअरनं पेन उघडला.

"थांबा," ताई म्हणाली. तिनं कागद टेबलावरून उचलला आणि माझ्यासमोर ठेवला. "पह्यली सही सिस्टरची घ्या."

मी सही केली. तिनं ती नीट पाहिली, मग कागद डॉक्टरांकडे सरकवला.